नाव नसलेली पुलिया

आमच्या सडकेची लांबी एकोणीस किलोमीटर. कागदोपत्री ती राज्य मार्ग आहे, तिला नंबर आहे, हिरवी पाटी आहे. पण राज्य मार्ग म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्यातलं तिच्यावर काही नाही. जामुलचा सिमेंटचा धुरळा मागे पडला की ती सुरू होते, शिवनाथ नदीच्या खोऱ्यातल्या धानाच्या शेतांमधून जाते आणि एका नाक्यावर मोठ्या सडकेला मिळून संपते. डेकाटेकाकांना लांबी विचारली की ते अडतीस सांगायचे. "जायाची एकोनीस, यायाची एकोनीस. डावी बाजू येगळी, उजवी येगळी. तुमी एकच कावून मोजता?" नव्या साहेबाला वाटायचं, म्हातारा चळलाय. महिनाभरात साहेबही बोलताना डावी-उजवी करायला लागायचा.

बांधकाम खात्यात ते टाइमकीपर. गँगची हजेरी घेणं, खडी, मुरूम, डांबर वेळेवर आलं की नाही ते पाहणं हे त्यांचं काम. मी सब-इंजिनियर म्हणून तिथे लागले तेव्हा ते चौपन्न वर्षांचे होते आणि मी सव्वीसची. म्हणजे मी साहेब, ते हाताखालचे. प्रत्यक्षात काय होतं ते गँगमधल्या कोणीही सांगितलं असतं. पहिल्याच दिवशी मी जीपमधून अख्खी सडक पाहून आले आणि ऑफिसात मोठ्या तोऱ्यात तसं सांगितलं. काका हजेरीच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "जीपमंदून जीप दिसते, मॅडम. सडक पायानं दिसते." मला राग आला. मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्यांच्यासोबत पायी निघाले, ती केवळ त्यांना दाखवून द्यायला. चौथ्या किलोमीटरला माझ्या टाचेला फोड आला. काकांनी काही न विचारता पिशवीतून जुन्या लुगड्याची चिंधी काढून दिली. अशा चिंध्या ते नेहमी बाळगायचे, नव्या इंजिनियरांसाठी.

त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत दुर्गला आले. कीमॅन होते. हातोडी खांद्यावर टाकून रोज रुळांचा ठरलेला टप्पा चालायचा आणि ढिल्या झालेल्या चाव्या ठोकून बसवायच्या, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. "बाप रुळावर चालला, मी डांबरावर चालून राहिलो," एवढंच काका सांगायचे. चालण्याची सक्ती त्यांना कोणी केलेली नव्हती. तरी दर महिन्याला दोन दिवस ते पायी निघत. एक दिवस डाव्या बाजूने जात, मुक्कामाला कोणाकडे तरी थांबत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने परत. पायात टायरची चप्पल, हातात छत्री. मधेच थांबून डांबरावर टाच आपटत आणि म्हणत, "इथं खाली पोकळ होऊन राहिलं." मला तिथे गुळगुळीत डांबराखेरीज काही दिसायचं नाही. दोन महिन्यांनी त्याच जागी खड्डा पडायचा. तेव्हा ते माझ्याकडे पाहायचेसुद्धा नाहीत, आणि त्यानेच मला जास्त लाज वाटायची.

पण त्यांचा खरा जीव पुलियांवर. शेतातलं पाणी सडकेखालून पलीकडे जावं म्हणून जी लहान मोरी ठेवतात तिला आमच्याकडे पुलिया म्हणतात. धानाच्या खोऱ्यात सडक म्हणजे आडवा घातलेला बांधच. पुलिया नसल्या तर एका बाजूची शेतं बुडतात. आमच्या सडकेवर अशा त्रेचाळीस. खात्याच्या लेखी त्यांना नंबर होते, काकांच्या लेखी नावं. एका वरातीची गाडी जिथे उलटली आणि नवरा मुलगा मुंडावळ्यांसकट चिखलात बसला, ती नवरदेव पुलिया. जिच्या पाइपात म्हैस अडकली ती म्हशीची. आणि एक भांडणाची पुलिया होती. तिच्या दोन कठड्यांवर दोन सख्खे भाऊ रोज संध्याकाळी समोरासमोर बसायचे आणि नऊ वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. काकांनी त्या दोघांना बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. मात्र एक कठडा फुटला तेव्हा दुसऱ्या कामांच्या आधी तो बांधून दिला. "एकाले बसाले जागा नाई तं दुसरा कोनावर रागावन?" हा त्यांचा युक्तिवाद मला आजही खोडता आलेला नाही.

पुलिया मोकळी आहे की तुंबली, हे पाहायची त्यांची रीत और होती. एका तोंडाशी ते उकिडवे बसत, पलीकडच्या तोंडाशी दुसऱ्या कोणाला बसवत, आणि पाइपात हाक मारत. हाक पोचली की पलीकडच्याने हो म्हणायचं. हायड्रॉलिक्समध्ये वर्गात पहिली आलेली मी बेशरमाच्या झुडपांत बसून जमिनीतून येणाऱ्या "मॅडम" या हाकेला ओ देत असे, आणि जाणारे-येणारे सायकलवाले थांबून पाहत. "आवाज जाते तं पानी जाते," काका म्हणायचे. त्यांचं आणखी एक वाक्य होतं, ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. "पानी येताना कोनाले विचारत नाई, मॅडम. जाताना विचारते."

चौदाव्या किलोमीटरला सडकेच्या वरच्या अंगाला सात-आठ मातीच्या घरांचा एक पारा, म्हणजे वस्ती होती. तिथे फुलमत राहायची. पन्नाशीची, किडकिडीत, तोंडाची फटकळ. चालण्याच्या दिवशी काकांचं दुपारचं जेवण तिच्या अंगणात. म्हणजे जेवण असं नाही, अदलाबदल. डेकाटेकाकूंनी दिलेला पोळी आणि आलूच्या भाजीचा डबा फुलमत घ्यायची, कारण तिला गार पोळी फार आवडे, आणि काकांना ती बासी वाढायची. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर मीठ, कांदा, लाल भाजी. काकूंना हे पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. कळलं तेव्हा त्या डब्यात दोन पोळ्या जास्त घालायला लागल्या. फुलमतचा नवरा बुधारू भिंतीला टेकून बसलेला असे आणि क्वचितच बोले. बोलायचं सगळं काम बायकोने उचललं होतं. मला पहिल्यांदा पाहून तिने काकांना विचारलं होतं की एवढीशी पोर सडक काय बांधणार. मी पुढे दोन वर्षं तिच्या अंगणात पाणीसुद्धा तोऱ्यातच प्यायले. मग एकदा पावसाळ्यात मला ताप भरला असताना तिने मला तिच्या खाटेवर निजवून पाय चेपले, आणि तो तोरा आपोआप गेला.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले त्याकडे येते.

आमची सडक रुंद आणि उंच करायचं ठरलं. बाहेरच्या एका कंपनीची दोन-तीन तरुण मुलं मशीन घेऊन मोजणीला आली. मे महिना होता. पुलियांचं जुनं रजिस्टर काढायला गेलो तर वाळवीने त्याची माती केलेली. मुलांना यादी हवी होती, आणि परतीची गाडी धरायची होती. आमचे साहेब म्हणाले, रजिस्टर कशाला, डेकाटे आहेत ना. काकांचा गुडघा त्या उन्हाळ्यात धरला होता आणि दोन महिने ते पायी गेले नव्हते. ते कूलरसमोर खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि शून्य किलोमीटरपासून सांगायला सुरुवात केली. किती मीटरवर, कोणत्या बाजूला तोंड, पाइप की दगडी, आणि नाव. मधे एकदाही अडखळले नाहीत. मुलांनी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला. शेवटची पुलिया सांगून त्यांनी डोळे उघडले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माणसाला इतकं खूश झालेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

यादी मी लिहून घेतली होती. खाली सही माझी होती. संध्याकाळी जीपने त्यांना रुआबांध्याला घरी सोडताना ते म्हणाले, "मॅडम, उद्या एकदा पायी जाऊन पाहू का? यादी हातात धरून." मी म्हटलं, काका, ऊन पाहा, गुडघा पाहा, आणि तुमच्याहून कोणतं रजिस्टर मोठं आहे? ते म्हणाले, "हाव. राहू द्या."

त्यांनी बेचाळीस सांगितल्या होत्या. कोणी मोजल्या नाहीत. मीही नाही.

सडक झाली. गुळगुळीत, काळीभोर, पहिल्यापेक्षा कमरेइतकी उंच. पुढल्या सावनात दोन दिवस झड लागली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चौदाव्या किलोमीटरवरच्या पाऱ्यात पाणी शिरलं. लोक लेकराबाळांना घेऊन सडकेवर येऊन उभे राहिले. फुलमतही आली होती. मग बियाण्याच्या धानाची कोठी भिजेल म्हणून परत घरात गेली. चारच्या सुमाराला भिंत बसली. तिला काढलं तोवर जीव गेलेला होता.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. काका आधी अंगणाकडे गेले, म्हणजे जिथे अंगण होतं तिकडे. मग सडकेवर आले आणि दोन्ही बाजूंना पाहत उभे राहिले. वरच्या अंगाला छातीइतकं पाणी, खालच्या अंगाला धान नेहमीसारखं घोट्याइतक्या पाण्यात उभं. हे मलाही दिसत होतं, पण मला त्याचा अर्थ लागला नव्हता. ते उतारावरून खाली उतरले आणि नव्या मुरुमात छत्रीचं टोक खुपसत पुढे-मागे फिरू लागले. एका जागी थांबले. तिथेच चिखलात बसले.

"मॅडम, इथं एक होती," ते म्हणाले.

दीड फुटाचा एक पाइप. कठडा कधीचाच पडलेला, तोंड झुडपांत लपलेलं. ती कधी तुंबली नाही, फुटली नाही, तिच्यात म्हैस अडकली नाही की कोणाची गाडी उलटली नाही. तिथे कधी काही घडलंच नव्हतं, म्हणून काकांनी तिला नाव ठेवलं नव्हतं. डोळे मिटून एकेक नाव घेत ते नवरदेववरून थेट पुढच्या पुलियेवर गेले आणि ही मधली गळाली; यादीत नव्हती म्हणून नव्या भरावाखाली ती बुजून गेली. पायी गेले असते तर पाय तिथे थांबलेच असते. त्यांना पायी जायचंच होतं.

गावात कोणाला हे ठाऊक नव्हतं. पाइप कुठे होता तेसुद्धा लोकांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. पाऊसच तसा पडला, असं सगळे म्हणत होते. काका गप्प बसले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. त्यांनी ऑफिसात जाऊन कागद घेतला आणि आपल्या गोल, सावकाश अक्षरात लिहिलं की एक पुलिया माझ्याकडून राहिली, तिच्यामुळे पाणी अडलं आणि बाई मेली. यादी मॅडमनी मी सांगितली तशी लिहिली, त्यांचा यात दोष नाही. साहेबांनी ते वाचून दार लावून घेतलं. वाईट माणूस नव्हता. पण हा कागद पुढे गेला तर मोजणीवाले, ठेकेदार, ते स्वतः, मी, सगळेच त्यात येणार होतो. त्यांनी काकांना समजावलं, निवृत्तीला आठ महिने राहिलेत, कशाला ओढवून घेता. अहवालात अतिवृष्टी लिहिलं गेलं. काकांनी तोच अर्ज पुन्हा लिहिला. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा माझ्याविषयीचं वाक्य त्यात होतं, आणि तिन्ही वेळा ते वाचून मला हायसं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण खरं आहे.

मग ते बुधारूकडे गेले. मी सोबत गेले नाही. परत आल्यावर ते ऑफिसच्या ओट्यावर बसून राहिले. मी विचारलं, काय म्हणाला? त्यांनी त्याला सगळं सांगितलं होतं. पाइप, यादी, टाळ्या, सगळं. बुधारूने ऐकून घेतलं आणि म्हणाला, पाणीच ते, बाबू, तू तरी काय करणार. मग शेजारच्या घरातून चहा मागवला.

"त्यानं मले चहा पाजला, मॅडम," काका म्हणाले. "शिव्या देल्या असत्या तं मी जेवलो असतो आज."

तेव्हापासून त्यांना एकच हवं होतं. कोणीतरी, खात्याने नाहीतर बुधारूने, तोंडाने म्हणावं की होय, चूक तुझी आहे. ते कोणी म्हणेना. खातं म्हणे पाऊस, बुधारू म्हणे पाणी, आणि घरी काकू म्हणत, तुम्ही मुद्दाम केलं का? मीसुद्धा, काका, किती दिवस मनाला लावून घेणार, असलं काहीबाही बोलत असे. आम्ही सगळे त्यांना माफ करून मोकळे झालो होतो आणि ते आमच्या मधे एकटे पडले होते.

निवृत्तीच्या समारंभाला त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, भाषण मात्र केलं नाही. त्यानंतर दर सोमवारी ते रुआबांध्याहून निघून जामुलच्या बसने येत आणि साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसत. चूक मानायचं आता मागत नव्हते. पुलिया मागत होते. सडक नवी, ठेकेदाराच्या हमीतली, ती कापायची नाही असा नियम. पाऱ्यातली माणसं तोवर उंचावर घरं बांधून गेली होती, पण वरची शेतं दर सावनात बुडत होती. शेवटी प्रस्ताव मी तयार केला. दुसऱ्या उन्हाळ्यात मंजुरी आली तेव्हा मी आनंदाने त्यांच्या घरी कागद घेऊन गेले. पुलियांची नावं कोणी विचारली तर ते आताशा सांगत नसत. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"अतिरिक्त पुलिया. अतिरिक्त कावून लिवलं, मॅडम? ती होती ना."

मी म्हटलं, काका, राहून गेलेली असं लिहिलं असतं तर मंजूर झालं नसतं. ते समजले. कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो मला परत दिला आणि काकूंना चहा ठेवायला सांगितलं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात ते गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी गेले तेव्हा सगळं आवरलेलं होतं, त्यामुळे मला ते शेवटचे दिसले ते सडकेवर, त्याच्या आधीच्या सावनात.

पाइप बसून दोन महिने झाले होते. तीन दिवस पाऊस लागून त्या सकाळी जरा उघडलं होतं, म्हणून मी पाहणीला गेले. काका माझ्या आधी येऊन बसले होते. खालच्या अंगाला, पाइपाच्या तोंडाजवळ दगडावर, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं. वरच्या शेतांतलं गढूळ पाणी पाइपातून जोरात बाहेर पडत होतं आणि धानात पसरत होतं. वरच्या अंगाला बांध दिसत होते, बांधांवरचं गवत दिसत होतं. गावातली चार-पाच माणसं सडकेवर उभी राहून पाहत होती. त्यांतून बुधारू निघाला, उतारावरून सावकाश खाली गेला आणि काकांच्या शेजारी बसला.  मग बुधारू, पाण्याकडेच पाहत, त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला,

"येला पहिली करना रहिस, बाबू."

हे आधी करायला हवं होतं. एवढंच. आवाजात राग नव्हता. पण दोन वर्षांत त्याने पहिल्यांदा ते म्हटलं होतं. काकांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"हव," ते त्याच्या बोलीत म्हणाले, "मोर गलती रहिस."

"हव," बुधारू म्हणाला. "तोर गलती रहिस."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडू लागले, लहान मूल रडतं तसे, आवाज काढून. बुधारूने त्यांना थांबवलं नाही. तो नुसता बाजूला बसून राहिला. लोकांनी वरून पाहिलं आणि ते एकेक करून निघून गेले.

मी सडकेवर उभी होते. यादीखालची सही माझी होती आणि, राहू द्या काका, असं म्हणणारीही मीच होते. चार पावलं खाली उतरून बुधारूच्या दुसऱ्या बाजूला बसायचं होतं, आणि बोलायचं होतं. जीपच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुढच्या पाहणीला उशीर होत होता. मी जाऊन जीपमध्ये बसले.